आतड्याचं ऑपरेशन झालंय? मग पेशंटला पलंगावरून उठवायचं कसं ते वाचा

सर्जरी वॉर्डात नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, एक वाक्य रोज कानावर पडतं. पेशंट नाही बोलत ते, नातेवाईक बोलतात, तेही हळू आवाजात: "सिस्टर, झोपू द्या ना त्यांना, कालच तर पोट फाडलंय." माया असते त्यात, कळतं मला. पण आतड्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला मागे खेचतो तो बऱ्याचदा टाक्यांपेक्षा पलंगच. म्हणून हे लिहितेय, मुख्यतः पेशंटच्या उशाशी बसणाऱ्या माणसासाठी, कारण डॉक्टर राउंडला येऊन पाच मिनिटांत जातात, आम्ही ड्युटीला दहा-बारा पेशंट सांभाळतो, आणि उरलेले सगळे तास तुमच्याकडेच असतात.

आधी आतमध्ये काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. आतडं हाताळलं गेलं की ते रुसून बसतं, हालचालच बंद. लहान आतडं त्यातल्या त्यात शहाणं, साधारण २४ तासांत कामाला लागतं, जठराला २४ ते ४८ तास लागतात, आणि मोठं आतडं सगळ्यात आळशी, ४८ ते ७२ तास घेतं. हे सगळ्यांचंच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हा रुसवा लांबला की पोट फुगतं, मळमळतं, उलट्या होतात, खाता येत नाही, न खाल्ल्यामुळे ताकद जाते, ताकद नाही म्हणून उठवत नाही, आणि उठत नाही म्हणून आतडं अजूनच थंड पडतं, असं ते चक्र फिरत राहतं. याला डॉक्टर लोक इलियस म्हणतात. रुसवा लांबवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: मॉर्फिनच्या जातीची औषधं, गरजेपेक्षा जास्त सलाईन, पडून राहणं, आणि उगीचच दिवसेंदिवस उपाशी ठेवणं.

पूर्वी उपाशी ठेवायचेच. गॅस पास होईपर्यंत तोंडात थेंब नाही, नाकात नळी, आठ-दहा दिवस मुक्काम, हेच सगळीकडे चालायचं. मग डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट नावाच्या सर्जननी १९९० च्या दशकात साधा प्रश्न विचारला की हे सगळं आपण का करतोय? १९९९ मध्ये त्यांनी १६ पेशंटचा अनुभव छापला, मोठ्या आतड्याचा भाग पोट उघडून काढला होता आणि तरी निदान निम्मे पेशंट दोन दिवसांत घरी गेले. त्यावरून पुढे २००१ पासून युरोपातल्या सर्जन मंडळींनी मिळून एक पद्धत बांधली, तिला इरास म्हणतात, म्हणजे ऑपरेशननंतर लवकर बरं होण्याचा कार्यक्रम. आता तुमच्या डॉक्टरांनी "संध्याकाळी खुर्चीत बसवा" म्हटलं तर ते निर्दयी आहेत असं समजू नका, ते हेच करतायत.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

तारीख महिनाभर लांब असेल तर तो महिना म्हणजे लॉटरी आहे, वाया घालवू नका. सिगरेट, तंबाखू बंद, निदान ४ आठवडे आधी, कारण त्याने छातीचा आणि जखमेचा त्रास खरंच कमी होतो. दारूचंही तेच, फक्त रोज भरपूर पिणारा माणूस असेल तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर ती सोडल्याचाच त्रास होतो. हिमोग्लोबिन बघून घ्या. आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्त हळूहळू जात असतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, अशा वेळी लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह आधीच देता येतं. रोज चालायला लावा, दम लागेल इतपत. आणि वजन घटलं असेल, जेवण जात नसेल तर ते "ऑपरेशननंतर बघू" असं पुढे ढकलू नका, आधीच सांगा.

आदल्या रात्रीपासून कडकडीत उपास हा प्रकारही आता बहुतेकांसाठी गेला. घट्ट अन्न भूल द्यायच्या ६ तास आधीपर्यंत आणि पाणी किंवा गाळलेला, आरपार दिसणारा द्रव २ तास आधीपर्यंत चालतो. काही ठिकाणी साखरेचं खास पेय देतात, आदल्या रात्री ८०० मिली आणि सकाळी भुलीच्या २-३ तास आधी ४०० मिली, म्हणजे शरीर उपाशीपोटी ऑपरेशनला जात नाही. पण डायबेटीस असेल, जठर हळू रिकामं होत असेल किंवा आतड्यात अडथळाच असेल तर हे नियम बदलतात, तेव्हा भूलतज्ज्ञ सांगतील तेच शेवटचं, माझं वाचून घरी पाजत बसू नका.

आणि एक करा. पलंगावरून उठायची पद्धत आधीच शिकवून ठेवा, घरी, पोट दुखत नसताना. पुढे सांगतेच.

उठवणं

इरासच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सुरुवातीपासून आकडे होते ते असे: ऑपरेशनच्याच दिवशी २ तास पलंगाबाहेर आणि दुसऱ्या दिवसापासून रोज ६ तास. ऐकून लोकांचे डोळे पांढरे होतात. पण पलंगाबाहेर म्हणजे मॅरेथॉन नाही हो, खुर्चीत बसणंही त्यातच धरलंय. आणि सगळ्यांना पहिल्याच दिवशी एवढं जमत नाही, आजी ऐंशीच्या असतील, बीपी खाली असेल, तर दहा मिनिटं बसल्या तरी मी टाळ्या वाजवते.

आता पद्धत. बहुतेक पेशंट काय करतात, सरळ पाठीवरून मान उचलून उठायला बघतात, पोटाचे स्नायू ताणले जातात, कळ येते, आणि "मला नाही जमणार" म्हणून पुन्हा आडवे. तसं नाही. आधी दोन्ही गुडघे वर घ्यायचे, तळपाय गादीवर. मग खांदे आणि कंबर एकदमच, लाकडाचा ओंडका लोटल्यासारखं, कुशीवर वळायचं, पलंगाच्या कडेकडे तोंड. पाय कडेवरून खाली सोडायचे आणि ते खाली जात असतानाच खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या पंजाने गादी रेटायची, पायांचं वजन खाली जातं आणि धड आपोआप वर येतं. पोटाला काही करावंच लागत नाही. मग लगेच उभं करायचं नाही! कडेला दोन मिनिटं बसू द्या, पाय हलवायला सांगा, डोळ्यांसमोर अंधारी येते का विचारा. पहिल्यांदा उठवताना सिस्टर किंवा फिजिओ जवळ हवेतच, तुमच्या हिमतीवर एकट्याने नको. नळ्या, पिशव्या कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघा, मी लघवीची पिशवी पलंगाला अडकलेली आणि पेशंट दोन पावलं पुढे गेलेला असं पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाहीये.

खोकताना, हसताना, शिंकताना पोटावर उशी घट्ट धरायला द्या. एक छोटी उशी पलंगावर कायमची ठेवा, तिचं दुसरं काही काम नाही.

एक काका होते, स्वभावाने हट्टी, आणि काकू त्यांच्याहून हट्टी पण उलट बाजूने, म्हणजे काका उठायला तयार आणि काकू "पडा हो" म्हणून पांघरूण सारखं करणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोट टम्म. मग त्यांची नात आली, नववी-दहावीतली असेल, तिने वहीचा कागद भिंतीला चिकटवला आणि वॉर्डाच्या दारापर्यंत एक फेरी झाली की एक रेघ, असा हिशोब सुरू केला. पाचव्या रेघेनंतर आडवी रेघ मारायची म्हणून काका स्वतःच "चला एक राहिलीये" म्हणायला लागले. तिसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि कानात सांगितलं, "झालं हो, सुटला गॅस", चेहरा असा की नातवंडाची बातमी द्यावी. ती रेघांची युक्ती मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

जेवण खुर्चीतच द्या, पलंगावर टेकून नको. तीन वेळा खाणं म्हणजे तीन वेळा आपोआप उठणं झालं.

खाणंपिणं

गॅस पास होण्याची वाट बघत उपाशी ठेवायची गरज बहुतेक पेशंटना नसते. डॉक्टरांनी हो म्हटलं की भूल उतरल्यावर काही तासांतच पाण्याचे घोट आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी साधं खाणं सुरू होतं. लोकांची भीती असते की अन्न जाऊन जोड, म्हणजे आतड्याची टोकं जिथे एकमेकांना शिवलीत ती जागा, फाटेल. अहो, उपाशी ठेवलं तरी लाळ, जठराचा रस, पित्त असं सगळं मिळून कित्येक लिटर रोज आतड्यात उतरतच असतं, जोड काही कोरडा राहत नाही. अन्न पोटात गेलं की उलट आतड्याला इशारा मिळतो की चला, काम आहे.

पण जबरदस्ती अजिबात नको. थोडं थोडं, दर दोन तासांनी, हळू चावून. भूक नसेल, ढेकर सारखे येत असतील, पोट ढोलासारखं झालं असेल तर थांबा आणि सिस्टरना सांगा, "दोन घास खा माझ्यासाठी" हा प्रेमाचा हट्ट त्या वेळी उलटीत निघतो आणि उलटी श्वासनळीत गेली तर न्यूमोनिया. काही जणांचं आतडं सगळं नीट करूनही रुसतं, परत नाकातून नळी घालावी लागते, त्यात कोणाची चूक नसते.

काय द्यायचं? प्रोटीन, प्रोटीन, प्रोटीन. जखम भरायला तेच लागतं. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम, आणि हे नुसत्या पातळ सूपवर कधीच पूर्ण होत नाही. अंडं, दूध, दही, डाळ, चिकन, मासे, जे चालतं आणि पचतं ते, शिवाय डॉक्टरांनी दिलेलं प्रोटीनचं पेय घोटघोट करून. किडनीचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. सालं, बिया, कच्च्या भाज्या, चोथा असलेलं काही हे सुरुवातीचे काही आठवडे कमी, मग एकेक पदार्थ परत आणायचा, एका दिवशी एकच नवीन, म्हणजे त्रास झाला तर गुन्हेगार सापडतो.

च्युइंगमची गंमत सांगते. चघळलं की मेंदूला वाटतं जेवण आलंय आणि आतड्याला निरोप जातो. दिवसातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. फायदा थोडाच आहे, चमत्कार नाही, पण खर्च नाही, दुखत नाही, आणि तोंड कोरडं पडत नाही. गिळायला त्रास असेल किंवा पेशंट गुंगीत असेल तर मात्र नको. कॉफीचंही तसंच, जर्मनीत हायडेलबर्गला पेशंटना कॉफी आणि गरम पाणी देऊन तुलना केली होती, २०१२ मध्ये छापून आलं, कॉफीवाल्यांना पहिली शौच साधारण ६० तासांनी झाली आणि पाणीवाल्यांना ७४ तासांनी. कॉफी आवडत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर प्या की.

सलाईनचा मोह

हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. "एक बाटली अजून लावा, ताकद येईल." नाही येणार! नेहमीच्या नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, मोठ्या माणसाने अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी खावं म्हणतात. जास्तीचं पाणी आणि मीठ अंगात साठतं, पाय सुजतात ते दिसतं, पण आतड्याची भिंतसुद्धा सुजते ते दिसत नाही, आणि सुजलेलं आतडं हलत नाही. पेशंट तोंडाने नीट पीत असेल तर सलाईन काढणं ही प्रगती आहे, डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं असं समजू नका. रोजचं वजन घेत असतील तर वहीत लिहून ठेवा, ऑपरेशनच्या आधीपेक्षा दोन-अडीच किलोने वर गेलं तर राउंडला विचारा.

नळ्यांचंही तसंच. लघवीची नळी, ड्रेन म्हणजे पोटातलं साठलेलं पाणी बाहेर काढणारी नळी, नाकातली नळी, हाताची सुई, प्रत्येक नळी पेशंटला पलंगाला बांधून ठेवते. रोज राउंडला एकच प्रश्न नम्रपणे विचारा, "डॉक्टर, ही अजून किती दिवस?" लघवीची नळी बऱ्याच जणांची १ ते ३ दिवसांत निघते. कधीकधी उत्तर मिळेल की गुदाशयाजवळचं ऑपरेशन आहे, थांबावं लागेल, ठीक आहे. विचारायला काय जातं. पण स्वतः हात लावायचा नाही, कितीही सैल वाटली तरी.

दुखणं सहन करू नका

दात ओठ खाऊन पडून राहणारे पेशंट मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतात. दुखतंय म्हणून खोल श्वास घेत नाहीत, कफ साठतो, खोकत नाहीत, उठत नाहीत. दुखणं इतकं कमी हवं की खोकता आणि चालता येईल, पूर्ण शून्य नाही झालं तरी चालेल. पॅरासिटामॉल दुखेल तेव्हा नाही, घड्याळ लावून घ्यायची असते, त्यावर गरजेप्रमाणे दुसरी औषधं, आणि मोठा चिरा देऊन पोट उघडलं असेल तर पाठीतली एपिड्युरल, म्हणजे बारीक नळीतून कण्याजवळ दिलेलं बधिर करणारं औषध, किंवा पोटाच्या भिंतीतलं इंजेक्शन. असं चार बाजूंनी दुखणं दाबलं की मॉर्फिन, ट्रामाडॉल कमी लागतं, आणि तेच तर आतड्याला झोपवतं. घरून आणलेली सूजेवरची पेनकिलर परस्पर देऊ नका, किडनी आणि जठर तर आहेच, पण जोडावर परिणाम नको म्हणून काही सर्जन ती टाळतात. फिरायला न्यायच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी मिळेल असं सिस्टरशी जमवून घ्या, फरक बघा.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल आणि पेशंट म्हणाला की पोटापेक्षा खांदा दुखतोय, तर पोटात भरलेल्या गॅसने छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला त्रास होतो आणि ती कळ खांद्यात उमटते, एक-दोन दिवसांत जाते. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट, लगेच सांगा.

छातीसाठी: जागं असताना दर तासाला दहा खोल श्वास, श्वासाच्या व्यायामाचं, आत छोटे चेंडू असलेलं यंत्र दिलं असेल तर त्यातून, आत ओढायचा, फुंकायचा नाही, निम्मे लोक फुंकतात. पायांसाठी: घोटे वरखाली, तासाला दहा-वीस वेळा, म्हणजे पोटरीत गुठळी व्हायचा धोका कमी. रक्त पातळ करणारं पोटावरचं इंजेक्शन कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा एकूण ४ आठवडे चालतं, घरी गेल्यावरही, तेव्हा ते कसं द्यायचं हे डिस्चार्जच्या दिवशी घाईत नाही, आदल्या दिवशी शिकून घ्या.

पिशवी असेल तर

पोटावर स्टोमा काढला असेल, म्हणजे आतड्याचं तोंड पोटाच्या कातडीवर आणून शौच पिशवीत जायची सोय केली असेल, तर पहिले दोन दिवस कोणी त्याकडे बघतही नाही, पेशंटही नाही, घरचेही नाही. बघा. लालसर, ओलसर, ओठांच्या आतल्या बाजूसारखा दिसला पाहिजे. पुसताना थोडं रक्त लागतं ते चालतं, पण काळा, निळसर, जांभळा दिसला तर त्याच क्षणी सांगायचं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, काठोकाठ भरली की वजनाने सुटते आणि नेमकी रात्री दोनला सुटते. पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं भोक स्टोम्यापेक्षा २-३ मिलीमीटरच मोठं कापा, जास्त मोठं कापलं की उघडी कातडी भाजल्यासारखी होते. सूज उतरते तसा स्टोमा लहान होतो, म्हणून पहिले काही आठवडे दर आठवड्याला माप परत घ्या.

लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी कमी पडायचा धोका मोठा. पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, लघवी कमी आणि गडद झाली, पायात गोळे आले तर नुसतं साधं पाणी ढोसून भागत नाही, उलट अजून वाहून जातं, मीठ-साखरेचं प्रमाणात बनवलेलं ओआरएस द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

घरी आल्यावर

पहिल्या शौचा पातळ, वेळी-अवेळी, कधी थोडं जुनं रक्त, हे होतं. गुदाशयाजवळ जोड असेल तर दिवसातून बरेचदा जावं लागतं, आवरत नाही, काही महिने चालतं, पेशंट लाजतो म्हणून तुम्हीच विचारा. एनिमा किंवा खालून घालायची गोळी सर्जनना विचारल्याशिवाय अजिबात नाही. जड काही उचलायचं नाही, साधारण ६ आठवडे ४-५ किलोच्या वर नको, पाण्याची भरलेली बादली त्यात आली आणि नातवंडंही आली. जिने चढायला हरकत नाही. गाडी चालवायची ती गुंगीची औषधं बंद झाल्यावर आणि अचानक जोरात ब्रेक मारताना पोट आड येत नाही तेव्हाच. दुपारची झोप घ्या, पण दिवसभर आडवं नको, रेघांचा कागद घरीही लावा.

आता फोन कधी करायचा. जोड गळायला लागला तर ते बहुतेक पहिल्या आठवड्यात कळतं, कधी त्यानंतरही, आणि आता लोक त्याआधीच घरी येतात म्हणून हे तुम्हालाच ओळखावं लागणार. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर, थंडी वाजणं, दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, पोट ताठ होणं, सारख्या उलट्या, गॅस-शौच दोन्ही बंद, जखमेतून पू, झोपून असतानाही नाडी शंभराच्या वर, एक पोटरी सुजून दुखणं. अचानक दम, छातीत कळ, भान हरपणं किंवा खालून भरपूर रक्त असेल तर फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीला न्या. आणि कधीकधी यातलं काहीच ठळक नसतं, फक्त काल फिरणारा माणूस आज गप्प, राखाडी, जेवणाकडे बघत नाही. तेही सांगा. फोनवर "बरं नाहीये" एवढंच म्हणू नका: ऑपरेशन कुठलं, आज कितवा दिवस, ताप किती, नाडी किती, शेवटचा गॅस कधी, लघवी कधी, उलट्या किती, कुठल्या गोळ्या चालू. एवढं कागदावर लिहून फोनजवळ ठेवलंत तर रात्री ड्युटीवर जो कोणी डॉक्टर फोन उचलेल त्याला पेशंट न बघताही ठरवता येतं की सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच निघायचं.